मी सांगितलेला माणूस

माझ्या दुकानाच्या पाटीवर हार्डवेअर लिहिलंय. खिळे, पाइप, एल्बो, वायसर, चुना, रंग, सिमेंट, सगळं मिळतं. पण दिवसभरात जेवढे लोक उंबऱ्याशी येतात, त्यातले निम्मे काही विकत घ्यायला येतच नाहीत. ते माणूस मागायला येतात. "तात्या, भिताडाला गवंडी कोण हाय का चांगला?" "तात्या, बोअरची मोटर वर काढायचीय, कुणाला सांगू?" नवीन राहायला आलेले काका म्हणतात आणि जेन्युइन म्हणतात. "काका, कोणी जेन्युइन प्लंबर आहे का?" एवढाच काय तो फरक.

मी चौथी शिकलेला. भुकूमला पौड रस्त्याच्या कडेला हे दुकान टाकलं तेव्हा समोर भाताची खाचरं होती. आता समोर काय आहे ते बघायला मान वर करावी लागते. ह्या सगळ्या काळात मी किती टन सिमेंट विकलं ते सांगत बसणार नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी माणसं सांगितली, त्याबद्दल सांगणार आहे. त्यातही एका गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही. लिहून काढलं की होईल, असं वाटून लिहायला बसलोय.

आधी माणूस सांगणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना समजलं पाहिजे. लोकांना वाटतं नाव सांगितलं, नंबर दिला, सुटलो. तसं नसतं. आमच्याकडे माणूस सांगितला की पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर त्या घरी जायचं. मी टोपी घालून जातो. घरधनी चहा ठेवतो, आम्ही दोघं पितो, मी घरधन्याच्या देखत म्हणतो, "काम नीट कर रं," आणि दुकानावर परत येतो. तिथून पुढं त्या घरात त्या माणसाच्या हातून जे बिघडेल ते माझं. घरधनी त्याच्यावर ओरडत नाही, माझ्याकडे येतो. तो घरधन्याशी भांडत नाही, माझ्याकडे येतो. ह्याबद्दल मी कधी कुणाचा पैसा घेतला नाही. घेतला असता तर मी दलाल झालो असतो, आणि दलालाला चहा उभ्यानं देतात.

एकदा शाळेतल्या गुरुजींना गवंडी सांगितला होता. भिंत अर्धी झाली आणि गुरुजी दुकानात आले. नुसता हात तिरका करून दाखवला. मी गेलो, ओळंबा सोडला. भिंतीला पोट आलेलं.

"हे काय रं?"

"तात्या, गिलाव्यात झाकंल."

"गिलावा तुझ्या तोंडाला लाव. पाड ती."

पाडली. दुसऱ्या वेळचं सिमेंट माझ्या दुकानातनं गेलं, मजुरी त्यानं घेतली नाही, आणि गुरुजींनी चहा दोनदा पाजला. ह्यात मोठेपणा कुणाचाच नव्हता. रीत होती.

माणूस निवडतो कसा, हेही लोक विचारतात. काम बघून निवडू नये, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच काम चांगलं दिसतं. मी बघतो तो घरात शिरल्यावर आधी काय विचारतो. पाणी कुठनं बंद होतं, असं विचारणारा चालेल. फोन चार्जिंगला कुठं लावू, असं विचारणारा नको. आणि ज्याच्या तोंडून "मला कळंना" हे कधीच निघत नाही, त्याला मी कुणाच्या दारात उभा करत नाही. पाण्याच्या कामात तर नाहीच नाही. गळणारं पाणी नेमकं कुठनं येतंय हे छातीठोक सांगणारा एकतर नवा असतो, नाहीतर लबाड.

आणि मी एकच नाव सांगतो. नवीन लोकांना तीन नावं लागतात. तीन नावं सांगायची म्हणजे तीन टोप्या घालायच्या. एक पोरगा सुतार विचारायला आला. नाव सांगितलं तर म्हणाला, "काका, रेटिंग काय त्यांचं?" मी म्हणलं, "दहापैकी नऊ." तो खूश होऊन गेला. त्या सुताराला बोटं नऊच आहेत. एक कटरमध्ये गेलं, तेव्हापासून तो सावकाश काम करतो, म्हणून तर मी त्याचं नाव सांगतो. पण हे ऐकायला पोरगा थांबला नाही.

आता उस्मानचं. उस्मान मिस्त्री पौडचा. त्याचे वडील बाजारात स्टो आणि कंदील दुरुस्त करायचे. उस्मान नळाच्या कामात उतरला. माझ्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी लहान, पण आता त्याचीही दाढी पांढरी झालीय. त्याला मी इतक्या घरी नेलाय की काही घरी चहा करताना विचारतही नाहीत, त्याला बिनसाखरेचा देतात.

टेकडीखाली सोसायटी झाली तेव्हा तिथनं पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या अश्विनी मॅडम. मूळच्या अमरावतीकडच्या, नांदे गावावरनं हिंजवडीला कामाला जातात. कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी घरात पसरत होतं. मी उस्मान सांगितला आणि रीतीप्रमाणे त्याच्याबरोबर गेलो. मॅडमनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, तुम्ही कशाला आलात?"

"ह्याला सोडायला."

"ते काय लहान आहेत?"

उस्मान खाली बघून हसत होता. चहा झाला नाही, बाटलीतलं गार पाणी मिळालं. ते प्यालो, "काम नीट कर रं" म्हणलं आणि आलो. काम चांगलं झालं. मॅडमनी तसं त्यांच्या सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकलं. हार्डवेअरवाल्या काकांनी सांगितलेला माणूस आहे, असं टाकलं.

आठ दिवसांत उस्मान दुकानात आला.

"तात्या, तुमी किती लोकांस्नी सांगितलं?"

"एकीला."

"मंग हे समदे म्हंत्यात तात्यांनी सांगितलं."

"मी न्हाई सांगितलं."

"मंग जाऊ का नगं?"

 मी सांगितलेला नाही तर तो तिथं माझा नाही. पण नाव माझं घेतायत, म्हणजे बिघडलं तर माझ्याकडेच येणार. बरं, सगळ्यांच्या घरी पहिल्या दिवशी जायचं म्हणजे मला दुकानाला कुलूपच लावावं लागलं असतं. शेवटी म्हणलं, "जा. पर नीट कर." तो माझ्याशिवाय जायला लागला. हे बरोबर केलं का चूक, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

पुढं मात्र त्याचं पोट त्या सोसायटीवरच चालायला लागलं. गावातल्या जुन्या घरांच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या, तिथं बांधणाऱ्याची आपली माणसं येतात. उस्मानला गावात काम उरलं नव्हतं.

मग ती गळती आली.

गावात घर गळलं की वर आभाळ असतं. आभाळाशी भांडता येत नाही. फ्लॅट गळला की वर शेजारी असतो. अश्विनी मॅडमच्या न्हाणीच्या छतातनं थेंब पडायला लागले आणि त्यांच्या वर राहत होते सोसायटीचे चेअरमन. मॅडमनी उस्मानला बोलावलं. चेअरमननीही बोलावलं. त्यानं खाली बघितलं, वर बघितलं, आणि दोघांनाही सांगितलं की कळंना. मॅडम म्हणाल्या, तुम्ही आमच्याकडे आधीपासून येता, वरूनच येतंय असं स्पष्ट सांगा. चेअरमन म्हणाले, आमच्याकडून येत नाही असं लिहून द्या. तो माझ्याकडे आला.

"तात्या, दोघंबी म्हंत्यात तू आमचा माणूस. मी हाय कुणाचा?"

"माझा," मी म्हणलं, आणि टोपी घातली.

अशा वेळी आम्ही एक करतो. वरच्या न्हाणीत नीळ कालवून पाणी सोडायचं आणि खाली बघत बसायचं. थेंब निळा पडला तर पाणी वरचं. चुन्यात घालायची नीळ माझ्या दुकानात असतेच. पुडी घेऊन मी स्वतः वर गेलो. चेअरमनची न्हाणी नुकतीच नवीन करून घेतलेली, पांढऱ्या टाइल्स, त्यांचे सांधेही पांढरेशुभ्र. नीळ मी कालवली, ओतलीही मीच. थोडी घट्ट झाली असेल.

खाली आम्ही सगळे माना वर करून उभे. मॅडम, त्यांचे मिस्टर, चेअरमन, उस्मान, मी. थेंब पडला. स्वच्छ. दुसरा पडला. तोही स्वच्छ. संध्याकाळपर्यंत स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही गळत होतं आणि स्वच्छ गळत होतं.

"म्हणजे आमचं नाही," चेअरमन म्हणाले.

"साहेब, तसं म्हनता येत न्हाई," उस्मान म्हणाला. "नीळ खाली गेली तर पायजे ना कुटंतरी. ती बाहीरच्या पायपातबी दिसली न्हाई, मी टॉर्च मारून बघितलं."

"मग कुठे गेली?"

"तेच कळंना."

नीळ गेली कुठं, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. एक जागा मात्र समजली. ती चेअरमनच्या पांढऱ्या सांध्यांत बसली होती. उस्माननं अर्धा दिवस ब्रशनं घासलं, लिंबू लावून बघितलं. गडद होतं ते आभाळी झालं, त्यापुढं काही निघेना. चेअरमनच्या मिसेस दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ग्रुपवर दोन गोष्टी आल्या. चेअरमननी सांध्यांचे फोटो टाकले. आणि अश्विनी मॅडमनी लिहिलं, गळती कशामुळे आहे ते त्यांना कळत नाही असं उस्मान मिस्त्री स्वतःच म्हणाले. दुसऱ्या दिवशी उस्मान गेटवर गेला तर वॉचमननं फोन दाखवला. नावावर लाल खूण. आत जाता येणार नाही.

मी चेअरमनकडे गेलो. खालच्या ऑफिसात बसले होते. माणूस वाईट नाही, खुर्ची दिली.

"साहेब, नीळ माझी. कालवली मी, ओतली मी. त्याला का बंद केलं?"

"काका, तुमच्याबद्दल आमची काही तक्रार नाही."

"का न्हाई? करा की."

"तुम्ही फक्त सजेस्ट केलं होतं. काम त्यांचं होतं. तुम्ही आमच्या लिस्टमध्येच नाही आहात."

"मंग घाला लिस्टीत आणि मंग काढा."

ते हसले. मी हसायला गेलोच नव्हतो. खुर्चीवरनं उठलो आणि निघालो. रस्ताभर एकच शब्द डोक्यात. फक्त. गुरुजींच्या भिंतीच्या वेळी गुरुजींनी मला फक्त म्हणलं असतं, तर मी त्यांच्या दारात पुन्हा पाय ठेवला नसता. इथं मी माझी चूक हातात घेऊन देतोय आणि कुणी घ्यायला तयार नाही. असं कधी ऐकलंय का?

पुढं एक कंपनी आली. माणसांच्या अंगात एकसारखे शर्ट. छताला एक यंत्र लावलं, त्यात लाल-हिरवं दिसत होतं. भोकं पाडली, काहीतरी आत भरलं, आणि गळती थांबली. खोटं कशाला सांगू, थांबली. पण त्याच सुमाराला गच्चीवरच्या टाकीचा बिघडलेला बॉलकॉकही बदलला होता आणि पाऊसही उघडला होता. कंपनी म्हणते आमच्यामुळं. उस्मानला विचारलं तर तो म्हणाला कळंना. मला विचाराल तर मीही तेच म्हणेन.

उस्मान मारुंजीला एका ठेकेदाराकडे पाइप बसवायला जायला लागला. पौडहून स्कूटरवर, हिंजवडीच्या त्या गाड्यांच्या गर्दीतनं. मुलाच्या वयाचा सुपरवायझर त्याला "ए चाचा, लवकर" म्हणतो, हे मला त्याच्या बायकोनं, जुबेदानं सांगितलं. तो स्वतः मला काही बोलला नाही. दुकानासमोरनं जाताना हॉर्न वाजवायचा आणि हात करायचा, पहिल्यासारखाच. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं.

मी माणूस सांगणं बंद केलं. कुणी विचारलं की म्हणायचो, "माणूस न्हाई माझ्याकडं. खिळे हायेत."

एका शनिवारी अश्विनी मॅडम आल्या. ओट्यावरचा नळ हातात आलेला. फोनवरनं एक माणूस बोलावला होता, त्यानं नवीन नळ बसवला, तो बुडातनं गळत होता. घराचं पाणी बंद करून बसले होते.

"काका, कोणीतरी सांगा."

"उस्मान."

"ते ब्लॉक आहेत."

"मंग कुनी न्हाई."

"काका, हट्ट करू नका ना."

"हट्ट कसला? माझ्याकडं एकच नाव हाय. तुमीच लिवलं ना त्याला कळत न्हाई म्हनून?"

मॅडम म्हणाल्या, "काका, ते तसंच म्हणाले होते. मी खोटं लिहिलं का?"

"न्हाई."

"मला वाटलं, निदान खरं तरी सांगतात, म्हणून लिहिलं. लोकांनी उलटं वाचलं त्याला मी काय करू?"

 ज्यासाठी मी त्याला निवडला, तेच त्या लिहून बसल्या होत्या. ते वाचून गेटवर लाल खूण झाली. मी म्हणलं, "मला कळंना." आणि त्या गेल्या.

रविवारी सकाळी उस्मानचा फोन.

"तात्या, मॅडमनी बोलावलंय. प्लंबर म्हनून गेट सोडत न्हाई, तर पाव्हना म्हनून नाव टाकलंय म्हंत्यात."

"मंग जा की."

"मोकळ्या हातानं कसा जाऊ?"

"हत्यारं हायेत की."

"हत्यारं पिशवीत. वर काय ठिवू? वॉचमनच्या देखत पाव्हना म्हनून जायचं आन् हातात काय न्हाई?"

"आरं, ती नुसती युक्ती हाय."

"ती त्यांची युक्ती. जानार मी हाय ना."

पौडच्या हलवायाकडनं अर्धा किलो पेढे घेतले, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेला. नळ उघडला, दोरा गुंडाळला, बसवला. गळायचं थांबलं. मॅडम पैसे द्यायला लागल्या तर हा हात मागं घेतो. पाहुण्यानं मजुरी घ्यायची काय, म्हणतो. त्या म्हणाल्या, अहो ते गेटपुरतं होतं. हा म्हणाला, गेटपुरता पाहुणा मी कधी झालो न्हाई. शेवटी त्यांनी जेवायला वाढलं. जेवला, हात धुतला आणि आला.

सोमवारी संध्याकाळी मॅडम पुन्हा दुकानात. ऑफिसची पिशवी खांद्यावर, चेहरा दमलेला.

"काका, ते पैसे घेत नाहीत. फोनवरून पाठवले तर परत पाठवले. असं कसं चालेल? त्यांचं घर कसं चालेल?"

"ते मी कसं सांगू?"

"तुमच्याकडे काय पद्धत आहे?"

आमच्याकडे ह्याला पद्धत नव्हती. मिस्त्री पाहुणा होऊन काम करून गेला, असं झालंच नव्हतं कधी.  मग म्हणलं, "पाव्हना येऊन गेला तर आपून काय करतो? आपूनबी त्यांच्याकडं जातो."

"मी जाऊ त्यांच्याकडे?"

"जा की. पौडला तर हाय."

"मग तुम्ही चला. पहिल्या दिवशी तुम्ही जाता ना बरोबर?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करत होत्या का, ते समजलं नाही. पण टोपी घातली.

असा मी मॅडमना घेऊन उस्मानच्या घरी गेलो. त्या पेढे नेत नाहीत, फळं नेतात. जुबेदानं खीर केली होती, चादर बदलली होती. उस्मानची लहान नात मॅडमच्या ओढणीला धरून बसली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मॅडम एकदम म्हणाल्या, "उस्मानभाई, नीळ काकांनी ओतली हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तात्यांचं नाव कसं घ्यायचं?"

"पण खरंच त्यांनी ओतली होती ना?"

"ओतली की. पर मला त्यांनी आनलं. आता मी त्यांस्नी पुढं करू व्हय?"

जुबेदा म्हणाली, "ह्यांचं असंच. घरी बसून माझ्यावर वरडायचं."

सगळे हसले. मी खिरीची वाटी बराच वेळ खरवडत बसलो, ती मोकळी झाली होती तरी. एवढ्या वर्षांत मला वाटत आलं होतं की मी ह्या माणसांना पाठीशी घालतो. तो मारुंजीला जात होता तेव्हा मला तोंड लपवायची वेळ आली नाही, ती कुणामुळं आली नाही, हे मला त्या वाटीत दिसायला लागलं आणि मी ते जास्त बघितलं नाही.

निघताना मॅडमनी चप्पल घातली, मग परत वळून नातीच्या तळहातावर नोटा ठेवल्या आणि मूठ मिटवली. "खाऊला घे गं."

उस्मान पुढं झाला आणि तसाच मागं सरला. पाहुणी जाताना लेकराच्या हातावर ठेवते, ते परत करायचं नसतं. मॅडमना हे कुणी शिकवलं, मी विचारलं गाडीत. म्हणाल्या, "आमच्या आईचं असंच असायचं. मी विसरले होते, आत्ता आठवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी उस्मानचा फोन. "तात्या, पोरगी पैसं सोडंना."

"म्हंजी?"

"म्हनती मला दिल्यात. सायकल घ्यायचीय म्हनती. रात्री उशीखाली घेऊन झोपली. आता मजुरी मागू कुणाकडं?"

"नातीकडं."

"मागितली. म्हनली, तुमी तर पाव्हने म्हनून गेलता."

पुढच्या महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. तिथलं मी ऐकलेलं सांगतोय, मी लिस्टीत नाही. अश्विनी मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, उस्मान मिस्त्रींची खूण काढा. नीळ कुणी ओतली तेही सांगितलं. चेअरमन म्हणाले, ते ठीक आहे, पण उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? सगळे फोन बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "माझी."

खूण निघाली. मॅडमनी येऊन मला हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असेल मी खूश होईन. मी खिळे मोजत होतो, ते चुकले. जबाबदारी माझी, हे माझं वाक्य होतं. त्या खोलीत ते माझ्याकडनं कुणी घेतलं नव्हतं, त्यांच्याकडनं घेतलं. माझा माणूस, जामीन त्या. हे चांगलं झालं, ह्यात शंका नाही. पण मग मी कोण?

उस्माननं ठेकेदाराचं काम सोडलं. सोसायटीतनं पहिलं काम आलं, वेगळ्याच घरचं, गिझरच्या पाइपाचं. सकाळी तो दुकानासमोर स्कूटर लावून उभा.

"तात्या, टोपी घाला. नवीन घर हाय."

दुकान शेजाऱ्याच्या नजरेवर टाकून मी गेलो. गेटवर वॉचमननं फोन बघितला.

"उस्मान मिस्त्री, हां, नाम है. और ये बाबा? इनको कहाँ जाना है?"

मी म्हणलं, "ह्याला सोडायला आलोय."

"कौन से फ्लैट में? नाम किसने डाला?"

माझं नाव कुणी टाकणार?  उस्मान पुढं झाला आणि म्हणाला, "मेरे साथ है. मेरी जिम्मेदारी." असं बोलला की जसं रोजचंच आहे. वॉचमननं मान हलवली आणि बाजूचं छोटं फाटक उघडलं.

माझा पाय उचलेना.

"चला की तात्या."

"तू जा."

"आवो, रीत हाय. चहा तरी घेऊ."

"तुझी जबाबदारी त्यांनी घेतली, माझी तू घेतोस. मंग मी आत जाऊन काय म्हनू? काम नीट कर रं? कुनाच्या जिवावर?"

"तात्या, आता हितं भांडू नगा. लोक बघत्यात."

"मी कुटं भांडतोय? जा, उशीर होईल."

 मागं एक गाडी आली, हॉर्न वाजला, वॉचमन हात करायला लागला. मग उस्माननं हत्याराची पिशवी खांद्यावर सरकवली आणि आत गेला, उजव्या बाजूच्या बिल्डिंगकडे, कुणाला न विचारता. वाट त्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

मला राग आला होता का बरं वाटलं होतं, ते गेटवर उभं राहून समजेना. लिहून काढलं की समजेल असं वाटलं होतं, तेही झालेलं नाही. एवढंच नक्की सांगतो, त्यानं एकदा जरी मागं वळून बघितलं असतं, तर मी आत गेलो असतो.